पाण्याखालच्या घराची तालीम

शामसुंदर गायधनींनी उमेदीची सगळी वर्षं एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली काढली. त्या दिग्दर्शकांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा तालमीला यायचे तेव्हा नाटक त्यांच्या डोक्यात आधीच बसून झालेलं असायचं. कुणी कुठल्या वाक्याला उठायचं, कुठल्या शब्दावर मान वळवायची, सगळं ठरलेलं. फरशीवर ते खडूने खुणा करायचे आणि नट त्या खुणांवर जाऊन उभे राहायचे. शामसुंदरना यात कधी कमीपणा वाटला नाही. दिवसभर विमा कंपनीत बसून आल्यावर कुणीतरी हात धरून आपल्याला दुसऱ्याच आयुष्यात नेऊन सोडतंय, याचं त्यांना सुखच होतं. आप्पा गेले तेव्हा ते घरचं माणूस गेल्यासारखे रडले आणि मग नाटक सुटलं ते सुटलंच.

निवृत्तीनंतर एका सकाळी संपदाचा फोन आला. ही मुलगी त्यांनी पूर्वी कुठल्याशा एकांकिकेत पाहिली होती, आता ती स्वतः नाटक बसवत होती. राज्य स्पर्धेसाठी. कळवणच्या दीपक नावाच्या शिक्षकाने लिहिलेलं नाटक होतं, दोनच पात्रांचं. धरणात गाव गेलेला बुधा, आणि गाव बुडाल्यानंतर जन्मलेली त्याची मुलगी चांगुणा. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, तळ उघडा पडतो, आणि बुधा लेकीला घेऊन आपलं घर दाखवायला जातो. तिथे चिखलाशिवाय काही नसतं. शामसुंदरनी संहिता वाचली. शेवटी बुधाचं एक मोठं स्वगत होतं. त्या स्वगतासाठी त्यांनी बुधाच्या कामाला हो म्हटलं.

तालमी गंगापूर रोडजवळच्या एका मंगल कार्यालयात सुरू झाल्या. चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे हॉल रिकामाच होता. भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्यांच्या चळती, कोपऱ्यात गुंडाळलेला लाल गालिचा आणि कुठल्या तरी जुन्या समारंभातल्या झेंडूचा वास. चांगुणाचं काम आफिया करणार होती. ती जुन्या नाशकातली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती आणि सुटली की थेट तालमीला यायची.

पहिल्याच दिवशी शामसुंदरनी विचारलं, "मी कुठून येऊ?"

"कुठून यावंसं वाटतंय, काका?" संपदा म्हणाली.

ती आपल्या वयाचा मान ठेवून असं विचारतेय, असं त्यांना वाटलं. ते डावीकडून आले. ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ते उजवीकडून आले. तेव्हाही ती तशीच बघत राहिली. मध्येच एखादा प्रश्न विचारायची. बुधाच्या पायात काय आहे? तो थांबतो तेव्हा त्याला कसला आवाज येतो? घरी आल्यावर शामसुंदर बायकोला, मालिनीताईंना म्हणाले, "पोरीचा अभ्यास झालेला नाही. आपल्यालाच विचारत बसते."

आठवडाभराने त्यांचा संयम संपला. संहिता खुर्चीवर ठेवत ते म्हणाले, "संपदा, तुला नक्की काय पाहिजे ते एकदा सांगून टाक. मी करतो. आयुष्यभर केलंय."

"मला माहीत नाही, काका."

शामसुंदर तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत कुठल्याही दिग्दर्शकाच्या तोंडून त्यांनी हे ऐकलं नव्हतं. आणि ती हे लाजून म्हणाली नव्हती, उद्धटपणेही नाही. बाहेर पाऊस पडतोय का, हे खिडकीतून न बघता कसं सांगू, अशा सुरात म्हणाली होती.

"मग माहीत कुणाला आहे?"

"बुधाला असेल. त्याच्या घरात मी कधी गेलेच नाही." तिने खुर्चीवरची संहिता मिटली. "उद्या संवाद नको. तुम्ही फक्त दार कुठे होतं तेवढं दाखवा. बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते रिकाम्या हॉलच्या मध्यभागी उभे राहिले. वरच्या झरोक्यांना रंगीत काचा होत्या, त्यांतून मावळतीचं ऊन फरशीवर उतरलं होतं. हिरवं, थोडं पिवळं, पाण्याच्या तळाशी दिसावं तसं. संपदाने पंखे बंद केले. आपण मूर्खासारखे दिसतोय असं शामसुंदरना वाटत होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि दार शोधायला लागले, आणि सापडलं ते भलतंच दार.

लासलगावला वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, तेव्हाचं क्वार्टरचं दार. दोन खोल्यांची जागा, बुटकी चौकट, खाली एक पायरी. कित्येक वर्षांत त्यांना त्या घराची आठवणसुद्धा आली नव्हती. आता ते आत शिरले तर डावीकडे चूल होती. चुलीमागच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात चिमणी. मालगाडी गेली की चिमणीची काच हलायची. ते हळूहळू चालत होते आणि हाताने दाखवत होते. "इथं चूल. इथं मधली भिंत, हिच्यात दार नव्हतं, नुसतीच वाट होती. पलीकडे खिडकी. खिडकीतून..." त्यांना कांद्याच्या गोण्या दिसत होत्या, रूळ दिसत होते. "खिडकीतून नदी," ते म्हणाले, आणि नदी दिसली.

आफिया मागोमाग येत होती, चांगुणा होऊन, कुतूहलाने सगळीकडे बघत. खिडकी म्हटल्यावर तिला नदी बघायची घाई झाली. ती चुलीपासून सरळ खिडकीकडे निघाली.

"अगं अगं, भिंत आहे तिथं!" शामसुंदर ओरडले.

आफिया जागीच थिजली. तिने नकळत कपाळाला हात लावला, लागल्यासारखा. शामसुंदरना खरोखरच वाटलं होतं की पोरीला लागणार.

संपदा खुर्चीवरून उठली होती. पण जवळ आली नाही. तिथूनच, झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा आवाजात म्हणाली, "चांगुणाला भिंत माहीत नाही. तिने ते घर पाहिलेलंच नाही."

"म्हणजे मी भिंतीतून जाणार," आफिया म्हणाली. "मला तर नुसता चिखल दिसतोय ना."

"आणि मी दचकणार," शामसुंदर म्हणाले. "ओरडणार मात्र नाही. तिचा हात धरीन आणि मागे आणीन. मग वाटेतून नेईन." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्यांना पुढे नीट आठवेनात. म्हणजे सगळं आठवे, पण पहाटे पडलेल्या स्वप्नासारखं, कुठून कुठे गेलो ते न कळता. रोज संध्याकाळी ते तिघं त्या घरात जायचे आणि रोज तिथे काहीतरी नवीन सापडायचं. एकदा आफियाला उंबऱ्यात तिच्या आजोळची मांजर दिसली. संपदा म्हणाली, "राहू दे तिला." मग मांजर राहिली, आणि शामसुंदर तिला ओलांडून जायला लागले. एखादी गोष्ट जमत नसली की संपदा तसं स्पष्ट सांगायची. "हे मला खोटं वाटतंय. का वाटतंय ते कळत नाही, आपण शोधू या." आणि तिघं शोधायचे. घरी शामसुंदर जेवताना पाण्याचा तांब्या घ्यायला त्या घरातल्या सवयीने डावीकडे हात लांबवायचे. तिथे काहीच नसायचं. मालिनीताई हसून तांब्या उजवीकडून पुढे करायच्या.

एकदा चहा पिताना त्यांनी आफियाला विचारलं, "तुला संपदाबरोबर काम करायला का आवडतं गं?"

आफियाने विचार केला. "काका, मला आजपर्यंत एकच काम मिळायचं. हिरोची शेजारीण, डोक्यावर ओढणी, आणि दर वाक्याला 'या अल्ला'. मी घरी इतकं म्हणतसुद्धा नाही." ती हसली. "संपदाताईने दोन्ही पात्रं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, वाच. मी बुधाचंपण वाचलं. ती मनापासून ऐकत होती. मला वाटलं, हिला कंटाळा येत नाही तोवर मी वाचतच राहीन."

तुळशीची लग्नं लागली आणि कार्यालय गेलं. तालीम संपदाच्या इमारतीच्या गच्चीवर हलली. दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध त्यांनी घर पुन्हा मांडलं. चूल टाकीजवळ आली, खिडकी गोदावरीच्या दिशेला. हवा गार झाली होती. शेजारच्या गच्चीवर एक बाई वाळलेले कपडे काढायला यायची आणि काढून झाले तरी तिथेच उभी राहायची.

तिथेच एके दिवशी शामसुंदर स्वगत म्हणता म्हणता मध्येच थांबले.

"काय झालं?" संपदाने विचारलं.

"हे मी कशाला बोलतोय? तिला सगळं घर दाखवून झालंय. आता राहिलंय काय सांगायचं?" बोलताना त्यांना स्वतःचंच नवल वाटत होतं. "काढून टाक हे."

संपदाचा चेहरा उतरला. "मला ते फार आवडतं, काका. आधी एकदा बोलून करू. मग न बोलता करू."

दोन्ही करून झालं. संपदा कठड्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. पण एक वाक्य मी ठेवणार. 'पाण्याचा काय दोष, पोरी? त्याला आपलं घर ठाऊक नव्हतं.'"

"त्याचीही गरज नाही."

"आहे. हे मी ठरवणार."

दोघांची चांगली जुंपली. आफिया टाकीला टेकून आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. शेवटी शामसुंदर म्हणाले, "ठीक आहे, तू म्हणतेस तर," पण त्यांना पटलं नव्हतं, आणि ते तिला कळलं होतं. तिने दीपकला फोन लावून विचारलं. पलीकडून तो म्हणाला, "कापा बिनधास्त. ते लिहिताना माझंच मन भरून आलं होतं, म्हणून लांबलं."

स्पर्धेच्या प्रयोगात पहिला अर्धा भाग पाण्यासारखा वाहत गेला. मग आफियाला वाटेतून पलीकडे नेल्यावर शामसुंदर उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. पुढचं वाक्य नाही, मागचं नाही. समोर काळोख होता आणि काळोखात माणसं. आप्पांच्या नाटकात असं झालं असतं तर पुढच्या खुणेवर जाऊन उभं राहता आलं असतं. इथे खुणा नव्हत्या.

आफियाला कळलं. ती वाटेतून मागे येऊन चुलीजवळ उकिडवी बसली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "बाबा, आई कुठं बसायची?"

हे नाटकात नव्हतं. पण शामसुंदरना ते माहीत होतं. ते चालत गेले, चुलीच्या या बाजूला खाली बसले, आणि जमिनीवर तळवा ठेवला. "हितं," ते म्हणाले. जमीन गार होती. खूप वेळ ते तसेच बसून राहिले. मग संपदाने राखलेलं वाक्य आपोआप ओठांवर आलं. "पाण्याचा काय दोष, पोरी?" आणि ते बोलत असताना त्यांना पहिल्यांदा समजलं की बुधा हे लेकीला सांगत नाहीये, जिथे त्याचा तळवा टेकलाय तिथे बसणारीला सांगतोय. पुढचं सगळं आठवलं.

पडदा पडल्यावर त्यांनी विंगेत उभ्या असलेल्या संपदाला गाठलं. "ते वाक्य पाहिजेच होतं," ते म्हणाले.

"आणि तो प्रश्न मला सुचला असता तर किती बरं झालं असतं," संपदा आफियाला जवळ घेत म्हणाली. "मी आत मेले होते, काका."

नाटक तिसरं आलं. आफियाला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, शामसुंदरना काही नाही. मालिनीताईंना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पोहे करता करता त्यांनी विचारलं, "अहो, असं काय आहे त्या पोरीत? बक्षीस नाही नि काही नाही, तरी तुमचा चेहरा बघा."

शामसुंदरनी सांगायचा प्रयत्न केला. "आप्पा बघायचे ना, ते माझं कुठे चुकतंय ते बघायचे. त्यात खोट नव्हती, माझं चुकायचंच. ही बघते तेव्हा वाटतं, आपल्याजवळ काहीतरी आहे आणि ते हिला बघायचंय. मग आपणही शोधायला लागतो." त्यांना ते नीट सांगता आलं नाही. मालिनीताईंनी मात्र मान हलवली आणि त्यांच्या पोह्यांवर खोबरं जरा जास्त घातलं.

जानेवारीत दीपकने त्यांना कळवणला बोलावलं. शाळेच्या मैदानात, दुपारच्या उन्हात प्रयोग झाला. दिवे नाहीत, पडदा नाही, चारी बाजूंनी माणसं बसलेली. धरणात गेलेल्या एका गावची साळूबाई म्हणून एक म्हातारी पुढेच येऊन बसली होती. नाटक चालू असताना ती मध्येच शामसुंदरना म्हणाली, "दाराला कडी हाय का नाय?" शामसुंदर थांबले. त्यांनी कडेला उभ्या असलेल्या संपदाकडे पाहिलं. तिने नुसत्या भुवया उंचावल्या. शामसुंदर म्हातारीकडे वळले.

"लाव तूच, मावशे," ते बुधाच्या आवाजात म्हणाले.

साळूबाई गुडघ्यावर हात देत उठली, दारापाशी आली, आणि हवेत कडी लावून पुन्हा जागेवर जाऊन बसली.

परतताना वणीच्या अलीकडे त्यांनी चहासाठी गाडी थांबवली. आफिया मागच्या सीटवर झोपली होती, तिला उठवलं नाही. सप्तशृंगीच्या डोंगरामागे ऊन गेलं होतं आणि द्राक्षबागांवर निळसर धूर उतरत होता. संपदा आणि शामसुंदर बाकावर बसून चहा पीत होते. संपदा एका नव्या नाटकाबद्दल सांगायला लागली. अजून लिहिलेलं नव्हतं. दोन भाऊ, एक बंद पडलेला माग, एवढंच तिच्या मनात होतं. सांगता सांगता ती अडखळली आणि गप्प झाली.

शामसुंदरनी कप खाली ठेवला. "धाकटा भाऊ बोलतो का?" त्यांनी विचारलं.

संपदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग चहावाल्याला म्हणाली, "दादा, अजून दोन द्या."