निळ्या कोटाला हिरवी काजं

वकीलबाईंनी शिवून नेलेला कोट परत आणून टेबलावर टाकला, त्या दिवशी शिंपीमास्तरांचा रंगातला घोळ उघड झाला. कोट गडद निळा आणि काजांना दोरा हिरवा.

"मास्तर, हा कोट अशिलांना भेटताना घालायचाय, बागेत नाही," बाई म्हणाल्या.

"दोरा निळाच आहे, बाई. उजेडात बघा."

"उजेडात बघूनच परत आणलाय."

मास्तर कोट घेऊन दारात गेले, आत आले, पुन्हा दारात गेले. कापड आणि दोरा त्यांना एकाच रंगाचे दिसत होते. आई गेल्यापासून मुलगी दुकानात मदतीला यायची. ती उठून आली, कोट पाहिला आणि बाईंना म्हणाली, "परवा न्या. मी करून ठेवते."

बाई गेल्या तसे मास्तर उसळले. "तू करतेस म्हणजे? मी काय मेलोय?"

"बाबा, आई तुमच्या हाताशी रीळ आणून ठेवायची ना? तुम्ही मागायच्या आधी?"

"सवय होती तिची."

"सवय कसली! तुम्ही भलतंच उचलायचा. मला म्हणाली होती, बोलू नकोस, डोक्यात राख घालून घेतील."

डोक्यात राख घालून घ्यायला आता समोर बायको नव्हती. रंगाला आपला डोळा चुकत नाही, असं मास्तर गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचे आणि ती शेजारी बसून मान डोलवायची. ते खुर्चीतून उठले. काही काम नव्हतं, पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी मुलीने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंच.

"साखर कधीपासून?"

"ही शाळेत होती तेव्हापासून."

डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. "आतल्या पडद्याला अजून फारसं काही झालेलं नाही. पण मधुमेह जुना झाला की नसांना धरतो. पायांच्या, तशाच डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्याही. मग दिसलेलं उशिरा पोचतं, फिकं पोचतं. निळ्या रंगात घोळ होतो."

"म्हणजे घर धड, टपालखातं बिघडलेलं?"

"किती बिघडलंय ते तपासू. डोक्याला तारा चिकटवतात, समोर टीव्हीसारख्या पडद्यावर काळे-पांढरे चौकोन दाखवतात. दुखत नाही."

"गेलेलं परत येईल?"

"तसा शब्द देत नाही. साखर आवरलीत तर उरलेलं राखता येईल."

मास्तर गोळ्या वेळेवर घेऊ लागले. चहा बिनसाखरेचा झाला. दोऱ्यासाठी ते मुलीपुढे हात करायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत.

"तपासणीसाठी फोन लावू?" तिने विचारलं.

"उद्या."

"काल पण उद्याच होतं."

"आणि त्यांनी सांगितलं, सुई खाली ठेवा, तर?"

"नाही सांगितलं तरी काजं हिरवीच होणार, बाबा."

ते कात्री घेऊन उठले, दारापर्यंत गेले, परत आले. कात्री हातातच होती.

तपासणीची वेळ अजून घ्यायची राहिली आहे.