दोन ते चारचा पहारा

आमच्या गावात सप्ता बसला की बायांच्या हातच्या भाकरी देवाला चालत्यात, बायांनी सारवलेला मांडव चालतो, पण वीणेला बाईचा हात लागायचा न्हाई. लगीन होऊन ह्या गावात आले तवापासून हे बघते, आनि तवापासून माझं डोकं फिरतंय. पण बोलायचं कोणापाशी? चुलीपाशी बोलून चूलच ऐकती.

वीणा सात दिवस कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात पाहिजे. ती खाली टेकवायची न्हाई, तारेवरचं बोट अन् तोंडातलं नाव थांबवायचं न्हाई. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असत्यात. आमी म्हशी-मेंढरंवाले, सदा रानात. आमच्या घरला पहारा मिळून आत्ता कुठं तिसरं साल. त्याचं आमच्या मालकांना लई कौतुक. सुग्रीव नाव त्यांचं. घेते मी, आता कसली लाज. दोन ते चार त्यांचा पहारा, अन् सकाळपासून धोतर काय, टोपी काय, नवरदेवच झालते.

हे तिकडं उभे राहिले आनि इकडं आमची म्हैस आडली. पहिलटकरीण. वगार होती तवापासून हातानं पेंड चारून वाढवलेली. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तर ते घाटनांदूरच्या पलीकडं. म्हणले, दोन तास लागतील. मी हात घालून बघितलं. एक पाय पुढं आलाय, दुसरा आत दुमडलाय. तो सरळ करायचं बळ माझ्या मनगटात न्हाई. ह्यांनी मात्र अशा कैक म्हशी सोडवल्यात. म्हैस मान टाकायला लागली, तशी जाऊबाईंना, चंद्रभागाबाईंना, तिच्यापाशी बसवलं अन् देवळाकडं पळत सुटले.

सुगीचे दिवस. ज्वारी काढायला सगळा गाव रानात. देवळात हे उभे, अन् खांबाला टेकून हरिबा बाबा बसलेले. ऐंशी वर्षांचा माणूस, सप्त्याचे सगळे नेम त्यांच्याच तोंडून निघत्यात. मागल्या साली एकानं वीणा घटकाभर खुर्चीवर ठेवली, तर बाबांनी त्याला भर मांडवात झाडला होता. त्यांना बघून मी पायरीवरच थांबले.

"अवो, म्हैस आडलीय," मी पायरीवरूनच म्हणलं.

"राम कृष्ण हरी," हे म्हणले. दुसरं काय म्हणणार? पहाऱ्यावरच्या माणसाला बोलता येत न्हाई. पण भुवया वर गेल्या अन् एक बोट दाखवलं, मग दोन.

"एकच पाय आलाय. दुसरा आत दुमडलाय."

"राम कृष्ण हरी." आवाज पार बसला.

"चला ना मग! ती मान टाकायलीय."

ह्यांनी वीणेकडं बघितलं, बाबांकडं बघितलं, अन् नुसती मान हलवली. डोळ्यात पाणी, तोंडात नाव, पाय जागचा हलंना. मला असला राग आला म्हणून सांगू. माणूस देवापुढं उभा हाय का गावापुढं, तेच मला कळंना.

"पुढचा पहारा रामेश्वरचा," बाबा म्हणले. "त्याला फोन लाव."

रामेश्वर म्हणजे गावातलं मोठं घर, माजी सरपंच. फोन लागला न्हाई. रानात रेंज कुठली?

"मग बाबा, मरू द्यायची का तिला?" मी बोलून गेले. तेवढं तोंड मी त्यांच्यापुढं उभ्या जन्मात उघडलं नव्हतं.

बाबांनी गुडघ्यावर हात टेकला. मग खांबाला धरून उठले. "आण इकडं," ह्यांना म्हणले. "मी धरतो. तू जा."

ह्यांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पाया पडले अन् चपला न घालताच पळाले.

मीपण निघाले होते. तेवढ्यात बाबा डुगडुगायला लागले. गुडघ्याचं आपरेशन अंबाजोगाईला झालेलं, डॉक्टरांनी उभं राहायचं न्हाई म्हणून सांगितलेलं. नावाच्या मधीच त्यांनी मला हातानं बोलावलं.

"बाबा, म्हशीत हात घालून आलेय मी. आंघोळ न्हाई."

त्यांनी मांडवातल्या हंड्याकडं बोट केलं. मी हातपाय धुतले, पदर खोचला अन् मागून त्यांच्या बगलंत हात घालून उभी राहिले. असा पाव तास गेला असंल. म्हातारं माणूस, पण वजन म्हणजे ज्वारीचं पोतं. मग त्यांचे पाय सुटलेच. एका हातानं मी त्यांना खाली बसवलं अन् दुसऱ्या हातानं वीणा वर धरली. पट्टा कधी माझ्या गळ्यात आला ते कळलंच न्हाई. बोट तारेवर होतं, तोंडात नाव होतं. मी डोळे मिटून घेतले. आता बाबा झाडणार.

 डोळे उघडले तर बाबा खांबाला टेकून गुडघा चोळत बसलेले.

मी नाव घेत होते, पण मन गोठ्यात होतं. देवा, खोटं कशाला बोलू, तुझ्यापुढं उभी राहून मी म्हशीलाच आठवत होते.

तास झाला असंल. हे पायरीशी आले, कोपरापर्यंत भिजलेले, धोतराचा पार चिखल.

"वगार झाली," म्हणले. "दोघी चांगल्या हायत." मग माझ्या गळ्याकडं लक्ष गेलं अन् तोंड उघडंच राहिलं. "बाबा, लगेच आंघोळ करून येतो."

"काहून?" बाबा म्हणले. "वीणा काय अडून बसलीय का? वार पडली का म्हशीची?"

"न्हाई अजून." व्यायल्यावर वार पडंपर्यंत म्हशीपाशी माणूस लागतंच.

"मग जा, तिच्यापाशी बस. तुझा पहारा तिकडं हाय."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. रडू आलं, पण नाव सोडलं न्हाई. रडत रडतच म्हणत राहिले.

चारला रामेश्वर आला, पांढरेशुभ्र कपडे घालून. मला बघून मांडवाच्या तोंडाशीच थांबला. वीणा देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, हा नेम. तो बाबांकडं बघायला लागला.

"माझ्याकडं काय बघतोस?" बाबा म्हणले. "वीणा जिच्या गळ्यात हाय तिच्या पाया पड, अन् घे. तिला घरी जायचंय, खरवस करायचाय."

रामेश्वर वाकला. मीपण वाकले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली.

दुसऱ्या दिवशी मी खरवसाची वाटी घेऊन देवळात गेले. बाबांनी पहिला घास वीणेपुढं ठेवला, मग आपण खाल्ला. पहाऱ्याची यादी खांबाला चिकटवलेली होती. दोन ते चारपुढं ह्यांचं नाव होतं, अन् त्याच्या शेजारी नव्या शाईनं माझं.