चहूबाजूंनी पाणी

“तोंडी आक्षेप चालणार नाहीत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्यापुढे कोरा कागद सरकवला. “काय ते लेखी द्या.”

जेवणाच्या टेबलावर चहाचे चार कप होते, एक स्टेपलर होता आणि तीन प्रतींतलं अंदाजपत्रक होतं. कामाचं नाव: कुटुंबाची बेटावरची सहल. लाभार्थी चार. कालावधी सहा रात्री. बाब क्रमांक एक, जाणे. बाब क्रमांक दोन, राहणे. बाब क्रमांक तीन, परत येणे. अशा करत करत बाब क्रमांक नऊ, मौज, एकरकमी. एकूण दोन लाख साठ हजार फक्त.

पाणीपुरवठा खात्यात बाई एकतीस वर्षं हेच करत आल्या होत्या. खड्डा खणणे, पाइप टाकणे, खड्डा बुजवणे. ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना एस्टिमेटबाई म्हणत. शहरातल्या कुठल्याही नळाखाली बादली लावा, त्या नळाचं पाणी आधी बाईंच्या कागदावरून वाहून आलेलं असायचं. माणशी किती लिटर, गळती किती टक्के, दाब किती, सगळं त्यांना पाठ. पण जे पाणी कुणी मोजत नाही, ज्याला मीटर नाही आणि झाकण नाही, असं पाणी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. समुद्र पाहिला नव्हता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. जादा कामाचा भत्ता अकरा वर्षं त्यांनी वेगळ्या खात्यात टाकला होता आणि तो कशासाठी आहे हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, तर घरात आग लागल्यासारखे चेहरे झाले.

नवऱ्याचं रंगाचं दुकान होतं. ते त्यानं चार वर्षांपूर्वी विकलं आणि तेव्हापासून तो घरी बसून वर्तमानपत्राशी भांडत असे. त्यानं कागद घेतला, दोनदा चष्मा पुसला आणि आक्षेप लिहिले. एक, खर्च. दोन, मला पोहता येत नाही. तीन, समुद्र म्हणजे मीठ घातलेलं पाणी, ते घरच्या बादलीतही करता येतं. चार, सर्वसाधारण नाराजी.

बाईंनी रीतसर मुद्देनिहाय उत्तर दिलं. एक, पैसे माझे. दोन, बघायला पोहावं लागत नाही. तीन, बादलीचा तळ दिसतो. चार, नोंद घेतली.

मुलगा सव्वीस वर्षांचा होता आणि त्याला मोटरसायकल हवी होती. त्याचं म्हणणं पडलं, की समुद्राचे चार-चार तासांचे व्हिडिओ फुकट मिळतात, आवाज मोठा करून पंख्यासमोर बसलं की झालं, वाराही येतो. बाईंनी त्यालाही कागद दिला. त्यानं लिहायचा कंटाळा केला, त्यामुळे त्याचा आक्षेप मुदतीत आला नाही म्हणून बाद झाला.

राहिल्या सासूबाई. वय एक्याऐंशी. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते मोडून कपात पडलं, त्या चमच्यानं ते शोधत बसल्या. आक्षेप नाही, असं बाईंनी त्यांच्या नावापुढे लिहिलं.

मग रीतीप्रमाणे तीन एजंटांकडून दर मागवले. आता माणूस एजंटकडे जातो आणि म्हणतो, आम्हाला अमुक ठिकाणी जायचंय. बाईंच्या खात्यात असं नाव घेऊन काम देत नाहीत, ते पक्षपातात मोडतं. तिथं वर्णन द्यावं लागतं. बाईंनी रात्ररात्र नाही, पण चांगल्या चार दुपारी डबा खाता खाता वर्णन लिहिलं होतं: “उष्ण हवामानातलं, चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेलं बेट. नारळाची झाडं किमान दहा. खोलीपासून पाणी पन्नास मीटरच्या आत. ये-जा बोटीनं. घरापासून बेटापर्यंत नेण्या-आणण्याची जबाबदारी एजंटची.” एक अक्षर जास्त नाही. साहेबानं वाचलं असतं तर पाठ थोपटली असती, पण साहेब एकतीस वर्षांत काहीच वाचत नव्हते, फक्त वीस टक्के कापत होते.

रविवारी सकाळी सगळ्यांसमोर लिफाफे फोडले. पहिल्याचा दर तीन लाख पाच हजार. दुसऱ्याचा दोन लाख नव्वद. नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. “बघ. तुझ्या एस्टिमेटमध्ये समुद्र बसत नाही. नळाची कामं कर तू, तेच बरं.”

तिसऱ्याचा दर निघाला एक लाख बारा हजार.

अंदाजाच्या निम्म्याहून कमी दर आला, की तो कसा परवडतो ते आधी विचारायचं, हा खात्यातला पहिला धडा. बाईंनी तो चार साहेबांना आणि सतरा कारकुनांना शिकवला होता. पण “नळाची कामं कर” हे वाक्य अजून टेबलावरच होतं. बाईंनी तिथल्या तिथं तिसऱ्या कागदावर ‘मंजूर’ लिहिलं, इतकं दाबून की ते खालच्या टेबलक्लॉथवरही उमटलं.

तिसरा एजंट गल्लीच्या तोंडाशी बसायचा. त्याच टपरीत किल्ल्या बनवून मिळत आणि झेरॉक्सही निघत. माणूस गोड. प्रत्येक अटीपुढे त्यानं ‘मान्य’ लिहून सही केली होती. बेटाचं नाव विचारलं, तर म्हणाला, छोटंसंच आहे, नाव अजून कुणी ठेवलं नाही. आधी बस, मग बोट. विमानाचं विचारायचं बाईंच्या मनात आलं, पण नेण्याची जबाबदारी एजंटची असं त्यांनीच लिहिलं होतं. ठेकेदाराच्या कामात सारखं नाक खुपसू नये, हाही खात्यातलाच धडा. हा मात्र त्यांनी पाळला.

निघायच्या दिवशी नवरा गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी घालून आला. एवढा विरोध केलेल्या माणसाकडे ती कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. मुलानं अंगाला कसलंसं तेल चोपडलं होतं, तो सीटवरून सारखा घसरत होता. सासूबाईंनी काळा गॉगल लावला होता आणि त्यातून त्या बसच्या आतलंच बघत होत्या. बस साडेतीन तास चालली, डांबर संपलं, खडी लागली, खडीही संपली. मग एक उतार आला आणि पाणी दिसलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. भरपूर पाणी होतं. पलीकडे डोंगर होते. डोंगरांच्या मधोमध एक लांबलचक सरळ भिंत होती, आणि ती भिंत बाई ओळखत होत्या. शहराला पाणी देणारं धरण. लांबी आठशे चाळीस मीटर.

बोट निघाली. बेट जवळ आलं. नारळाची झाडं अकरा, त्यांनी मोजली. खोलीपासून पाणी चाळीस मीटर, त्यांनी पावलांनी मोजलं. झाडांच्या मागे हिरव्या रंगाचं पंपघर होतं. त्याचं अंदाजपत्रक एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनी लिहिलं होतं आणि साहेबांनी वीस टक्के कापलं होतं, म्हणून एका बाजूला अजून खिडकी नव्हती. पंपघराचा राखणदार धावत आला. चड्डीतला नवरा, तेलातला मुलगा आणि गॉगलमधल्या सासूबाई पाहून त्यानं घाईघाईनं सदऱ्याची बटणं लावली आणि बाईंना सलाम ठोकला.

“मॅडम, तपासणी आहे होय? आधी कळवलं असतं तर मोटार पुसून ठेवली असती.”

बाई काठाशी गेल्या, वाकल्या, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. गोड होतं. त्यांचंच होतं. माणशी एकशे पस्तीस लिटर.

मागून नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला. आधी हळू, मग खोकला येईस्तोवर. असा तो चार वर्षांत हसला नव्हता. म्हणाला, जन्मभर पाइप टाकलेस, शेवटी पाइपानंच तुला इथं आणून सोडलं.

बाईंनी एजंटला फोन लावला. तो भांडला नाही, हेच वाईट. त्यानं शांतपणे त्यांचंच वर्णन त्यांना वाचून दाखवलं. उष्ण हवामान, आहे. चहूबाजूंनी पाणी, आहे. नारळ दहा, एक जादा दिलाय, त्याचे पैसे लावले नाहीत. “ताई, समुद्र कुठं लिहिलाय ते दाखवा. मी आत्ता पैसे परत करतो.”

अकरा वर्षं ज्या एका शब्दासाठी पैसे साठवले, तोच शब्द कागदावर नव्हता. तो इतका मनात होता, की लिहायचा राहून गेला होता. एखादीनं एजंटला शिव्या घातल्या असत्या. बाईंनी ठेकेदारांना त्यांच्याच कागदांवर आयुष्यभर पकडलं होतं. आता आपला कागद आला म्हणून पळायचं, हे त्यांना जमेना. “तुमचे उरलेले पैसे सोमवारी मिळतील,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इकडे नवरा आणि मुलगा एकदम खूश. मुलानं राखणदाराचा गळ घेतला आणि तो मासे धरायला बसला. नवऱ्यानं चटई पसरली. गर्दी नाही, लाटांची कटकट नाही, खारट वास नाही, आणि दीड लाख वाचले. त्यातून मोटरसायकल येईल आणि बैठकीला रंग होईल, असा हिशोब बापलेकांनी चटईवरच करून टाकला. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्या राखणदाराकडे वळल्या आणि भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही मागितली.

वहीत आजवर एकच शेरा होता, तोही एका साहेबाचा, ‘पाहिले’. बाईंनी नवं पान काढलं आणि वही नवऱ्यासमोर धरली.

“तुम्ही समाधानी आहात ना?”

“एकदम.”

“मग लिहा तसं.”

नवऱ्यानं चटईवर आडवं पडूनच लिहिलं: सहल उत्तम. बेट उत्तम. पूर्ण समाधानी. आणखी काही नको. खाली झोकदार सही केली. मुलानं एका हातात गळ धरून दुसऱ्या हातानं त्याखाली सही ठोकली. बापाचं लिहिलेलं त्यानं वाचलंही नाही. हा गुण कदाचित सरकारी होता, आईच्या ऑफिसातून आलेला.

वही सासूबाईंकडे आली. त्यांनी गॉगल काढला, सगळं सावकाश वाचलं आणि वही मिटून सुनेच्या हातात दिली.

“मी नाही सही करायची,” त्या म्हणाल्या. “पाणी बेचव आहे.”

दोघींनी बत्तीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली होती. डाळीत मीठ किती, यावरून आठवडेच्या आठवडे अबोला धरला होता. चवीच्या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं सुनेला पटलं, असं हे पहिल्यांदाच झालं.

परतीच्या बोटीत बाईंनी मांडीवर कागद ठेवून सुधारित अंदाजपत्रक लिहिलं. सहा रात्रींपैकी एकच काढून त्या सासूबाईंना घेऊन निघाल्या होत्या. बाकीच्या पाच बापलेकांना लखलाभ. मंजूर रक्कम दोन लाख साठ हजार. झालेला खर्च एक लाख बारा. शिल्लक एक लाख अठ्ठेचाळीस. दुसऱ्या एजंटचा दर चौघांचा दोन लाख नव्वद, म्हणजे माणशी साडेबहात्तर हजार. दोघांचे एक लाख पंचेचाळीस. वर तीन हजार उरतात. वर्णनात पहिलाच शब्द त्यांनी ‘समुद्र’ लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

बापलेक घरी आले ते दुकानातून रंगांच्या छटांचा तक्ताच घेऊन. बाईंनी त्यांच्यासमोर वहीच्या पानाची झेरॉक्स ठेवली. वही राखणदाराला रीतसर पावती देऊन आणली होती आणि झेरॉक्स त्याच गोड एजंटच्या टपरीत काढली होती, पैसे देऊन.

“हे काय?” नवरा म्हणाला.

“काम पूर्ण झाल्याचा दाखला. ज्यानं यावर सही केली, त्याचं काम झालं. आता तुमचा या कामावर काही हक्क उरत नाही. आमच्या दोघींचं काम बाकी आहे.”

“अगं, ते मी गमतीत लिहिलं.”

“सही गमतीतली दिसत नाहीये.”

नवऱ्यानं पुढचे पंधरा दिवस सगळं करून पाहिलं. आधी ओरडला. मग एक दिवस जेवला नाही, पण संध्याकाळी डब्यातल्या बिस्किटांचा हिशोब लागेना. मग म्हणाला, आईच्या वयाला विमान झेपायचं नाही. आईनं डॉक्टरचा कागद आणून दाखवला. रक्तदाब लेकापेक्षा चांगला होता. शेवटी त्यानं लेखी अर्ज दिला, की आपलाही विचार व्हावा, आपल्याला समुद्र पहिल्यापासून आवडतो. बाईंनी तो आदल्या आक्षेपांना जोडला, दोन्ही कागद एकत्र स्टेपल केले आणि फाइल बंद केली. मुलगा मात्र शहाणा निघाला. त्यानं बॅगा जिन्यावरून खाली आणून दिल्या.

टॅक्सी दारात आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सासूबाई मागच्या दाराशी गेल्या, थांबल्या, आणि वळून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढची सीट आधी त्यांच्या नवऱ्याची होती, मग लेकाची, मग नातवाचीही झाली होती. ड्रायव्हरनं पट्टा लावून दिला. त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला.

नवरा बनियनवर खाली आला होता. आधी तो बाईंच्या खिडकीशी आला. बोलायचं बरंच असावं. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

“चहाची पूड कुठं असते?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सांगायला दोन शब्द पुरले असते, आणि ते ओठांपर्यंत आलेही होते.

“शोधा,” त्या म्हणाल्या.

मग तो पुढे गेला आणि आईच्या खिडकीशी वाकला. आई, निदान तू तरी, असं काहीतरी त्यानं सुरू केलं. सासूबाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. ड्रायव्हरनं विचारलं, अजून कुणी यायचंय का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि दारावर बोटानं चाचपडत एक बटण शोधलं. ते दाबल्यावर काय होतं, हे त्यांना माहीत नसावं. काच वर येऊ लागली, तशा त्या तिच्याकडे कौतुकानं बघत राहिल्या. बाहेर लेकाचं तोंड हलत होतं. काच वरपर्यंत गेली, तरी त्यांनी बोट काढलं नाही.