पाण्यावर तरंगणारा धोंडा

पिटुकली झोपली की घरात वेगळंच घड्याळ सुरू व्हायचं. चाळीस मिनिटांचं. नशीब जोरावर असेल तर पन्नास. वाळलेले कपडे घडीसाठी ताटकळत, ओट्यावरची भांडी डोळे वटारत, आणि पिटुकलीची आई कानाला हेडफोन लावून सरळ अंतराळात निघून जायची.

खाणकामाचा हा ऑनलाइन खेळ घरात आणला धाकट्या दिराने. यानावर तिघंच, आपापल्या घरून. तो यान हाकायचा. मोठी नणंद कप्तान, आणि ड्रिलही तिच्याच हातात. ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात कोरायचे आणि सुट्टीला धोंडे. लघुग्रहांना ते धोंडेच म्हणत. धोंड्यावर यानाची दुर्बीण रोखली की पडद्यावर आकड्यांची पाटी उघडायची: वस्तुमान, व्यास, लोह इतके टक्के, निकेल तितके टक्के. हे आकडे वहीत उतरवायचं काम पिटुकलीच्या आईकडे होतं. म्हणजे कुणी दिलेलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. त्यावरून दिराने तिचं नाव ठेवलं होतं मोजणीबाई.

"वहिनी, ते आकडे म्हणजे साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं," तो म्हणायचा. "छापतात, वाचत कुणी नाही."

नुसतं म्हणून थांबला नव्हता तो. महिनाभर त्याने पडताळून पाहिलं होतं. नव्वद टक्के लोहाचा धोंडा फोडा नाहीतर पाच टक्क्यांचा, हाती माल तेवढाच. आकडे शोभेचे.

तिला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. सहा वर्षं ती खाणीतले दगड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दगड हातात घेतला की त्याची घनता तिला अंदाजाने कळायची. मग पिटुकली झाली, आणि रजा वाढत वाढत राजीनाम्यापर्यंत गेली. त्या कामातलं तिच्यापाशी उरलं होतं ते एवढंच. वस्तुमान भागिले आकारमान. दोनशे अकरा धोंड्यांची घनता तिने वहीत काढून ठेवली होती. सगळे दोन ते साडेतीनच्या मधले, दगडाला शोभेलसे.

दोनशे बारावा आला शून्य पूर्णांक छत्तीस.

व्यास तीनशे मीटर, वस्तुमान पन्नास लाख टन. पाण्यात टाकला तर तरंगेल असा दगड! तिने चार वेळा गणित केलं. चारही वेळा तेच.

"आतून पोकळ आहे तो," रविवारी दुपारी तिने सांगितलं. पिटुकली नुकतीच डोळे मिटून पडली होती, म्हणून आवाज अगदी दबका.

"किती लांब आहे?" नणंदेने विचारलं.

"जायला इंधन पुरतं. यायला नाही."

चार महिने खपून तिघांनी ते यान उभं केलं होतं. तिकडे अडकलं तर खेळाच्या नियमाने गेलंच.

"वहिनी, एक विचारू? रागावू नकोस," दीर म्हणाला. "व्यासाचं अर्धं केलंस ना? त्रिज्या घ्यायला विसरलं की उत्तर आठ पटीने चुकतं. आणि तुझ्या छत्तीसला आठने गुण. दोन पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. साधा दगड!"

तिने वही उघडली. अर्धं केल्याची खूण कुठेच नव्हती. दीडशेचा आकडाच नव्हता पानावर. तीनशेचा घन, आणि त्यापुढे घाईघाईत काहीतरी खरडलेलं, वर भरवलेल्या खिमटीचा डाग.

तिचा स्वतःवरचा भरवसा तसाही हल्ली पातळ झाला होता. किल्ल्या फ्रीजमध्ये सापडत. मागच्या आठवड्यात दवाखान्यात तिने पिटुकलीचं वजन साडेसहाऐवजी साडेसोळा किलो सांगितलं. नर्स हसली. तीही हसली, आणि घरी येऊन न्हाणीघरात रडली. तेव्हापासून तिला वाटायचं, आपलं डोकं बाळंतपणात कुठेतरी राहून गेलं. आता वहीही तेच म्हणत होती.

"सोडा," ती म्हणाली. "चुकलंच असेल माझं."

उठायला म्हणून तिने पाय खाली टाकला, तो पिटुकलीच्या चेंडूच्या खोक्याला लागला. पुठ्ठ्याचं चौकोनी खोकं, आत अगदी बेताने बसलेला लाल चेंडू. चारी बाजूंना टेकलेला, कोपरे तेवढे रिकामे.

ती खोक्याकडे बघतच राहिली. प्रयोगशाळेतले म्हातारे साहेब नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत, "अर्धं करायच्या भानगडीत पडू नका गं. गोळा खोक्यात ठेवा, खोकं मोजा, आणि बावन्न टक्के घ्या. गोळा खोक्याचे बावन्नच टक्के खातो."

तिने नखाने खिमटीचा डाग खरवडला. खाली बावन्न होते.

"भाऊजी! अर्धं केलंच नव्हतं मी. करायची गरजच नव्हती! आणि चुकले असते तर दोनशे अकरा धोंड्यांतही तशीच चुकले असते ना? हा एकटाच हलका आहे."

"लोहाचे आकडे खोटे निघाले, तर हा खरा कशावरून?"

"ते कळायला आत जावं लागेल," नणंद म्हणाली. "दात वरून ठणठणीत दिसतो रे. पोकळ आहे हे आत गेल्यावर कळतं. चल, हाक यान."

यान धोंड्याला टेकलं तेव्हा इंधनाचा काटा तळाशी होता. ड्रिल फिरू लागलं. दोन मीटर, चार, सहा. दगडच. सात मीटरला ड्रिलचा आवाजच थांबला.

"गेलं आरपार," नणंद कुजबुजली.

त्या भोकातून दिराने यान हळूच आत घातलं आणि दिवा लावला.

आत बर्फ होता. हजारो तुकडे, काही पिटुकलीच्या मुठीएवढे, काही घराएवढे, काळोखात अधांतरी, संथ गिरक्या घेणारे. दिव्याचा झोत एकावर पडला की तो दुसऱ्याकडे उजेड सरकवी, दुसरा तिसऱ्याकडे, आणि बघता बघता सगळी पोकळी आतून उजळत गेली. यानाच्या टाकीने बर्फ ओढून त्याचं इंधन करायला सुरुवात केली, इंधनाचा काटा वर चढू लागला. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

खेळ बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी हे बनवून ठेवलं होतं. झाकून, कुठेही गाजावाजा न करता. आणि बाहेर दारावर खरं वजन लिहून गेलं होतं, वाचणाऱ्यासाठी.

आतल्या खोलीत पिटुकली जागी झाल्याची चाहूल लागली. रडली नाही, नुसतं स्वतःशी हुंकारली. आईने तिला उचलून मांडीवर घेतलं. त्या दोन डोळ्यांत पडद्यावरचा बर्फ गरगरू लागला आणि तोंड उघडंच राहिलं. साडेसहा किलो, तिच्या हातांनी न विचारताच सांगितलं.

"निघू या का आता? भाऊजी?"

हेडफोनमध्ये दिराचा आवाज आला, कधी नव्हे इतका हळू.

"थांब ना वहिनी. इथे प्रत्येक तुकड्याला पाटी आहे. वाचू दे."