एकाचे बूच नवाला

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. सांगणार आहे ती गोष्ट १९८३ सालची. आता माझी काच धुरकट झाली आहे, पण तो दिवस मला अजून लख्ख दिसतो.

माझे बूचही काचेचेच. कारखान्यात ते माझ्या तोंडात घासून घासून बसवले होते. मी काम करत होते पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे माशांचा श्वास, मी मोजायला मदत करी. माझ्यात तळ्याचे पाणी भरत, दोन औषधे घालत आणि हलवत. तळाशी बसणारा साका तपकिरी झाला तर पाण्यात श्वास आहे. पांढरा राहिला तर नाही.

बाटल्या धुणाऱ्या शिपाईमामांनी हिरकणीच्या लेखणीने आमच्यावर आणि आमच्या बुचांवर नंबर कोरले होते. माझा नंबर नऊ.

"मामा, तुमच्या नवाची मुरड कुठे गेली? एकच वाटतो," तपासनीस बाई चिडवत.

"मला वाचता येतो ना? बस्स! पण बाई, बाटली-बूच म्हणजे नवरा-बायको. अदलाबदल चालायची नाही."

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर मामा आजारी पडले. बाईंनी स्वतःच बाटल्या धुतल्या, घाईघाईने बुचे लावली आणि तळ्यावर आल्या. तिथे सगळे जिला वहिनी म्हणत ती आणि तिचा धाकटा दीर जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवत होते. नवरा गेल्यावर वहिनीने दोन वर्षे त्या माशांना लेकरांसारखे जपले होते.

"बाई, गार वारा सुटला की तळचं पाणी वर येतं. ते नासलं असेल तर मी आजच मासे काढते. लहान तर लहान!" ती म्हणाली.

वरचे पाणी एक नंबरच्या बाटलीत भरले, तळचे माझ्यात. वाऱ्याने नाव हेलकावत होती.

"बाई, आवरा! नाहीतर आपलीच तपासणी तळाला व्हायची," दीर ओरडला.

बाईंनी औषधे घातली, बूच दाबले, मला दोनदा हलवले आणि रंग न बघताच पेटीत ठेवले. माझा साका पांढराशुभ्र होता, मित्रांनो! पण तोंडातले बूच माझे नव्हते, ते एक नंबरचे होते. त्याच्या फटीतून वाटभर हवा आत येत राहिली. खडबडीत रस्त्यावर मी हिंदकळत गेले आणि पेटीच्या अंधारात माझा पांढरा साका तपकिरी झाला. मला तोंड होते, पण बोलता येत नव्हते.

"पाणी चांगलं आहे. राहू द्या मासे," बाईंनी निरोप धाडला.

चौथ्या दिवशी जोराचा वारा आला. तळचे पाणी वर आले. सकाळी पिंजऱ्यांतले सगळे मासे उलटे तरंगत होते. दीर-भावजय दोन दिवस खड्डे खणून ते पुरत होती.

मासे मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी वहिनी प्रयोगशाळेत आली. रडली नाही. "कुठली बाटली ती?" एवढेच विचारले. बाईंनी मला तिच्या हातात दिले. तिने सहज बुचाला बोट लावले.

"बाई, हे हलतंय."

बाईंनी चष्मा पुसून नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्या अंगावरचा नऊ बघितला.

"हा एक आहे. चूक माझी आहे, वहिनी."

"तुमची चूक बाटलीत मावली. माझं तळं गेलं," वहिनी म्हणाली.

बाईंनी अहवालात स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांची बढती गेली ती कायमचीच. मामा बरे होऊन आले आणि ऐकताच त्यांनी लेखणी घेऊन प्रत्येक नवाला ठसठशीत मुरड काढली, पण बाई आता चिडवत नव्हत्या. वर्षभरात ते वारले. दीर शहरात ट्रक चालवायला गेला. तळ्याकडे तो फिरकला नाही. आणि मामांच्या जागी बाटल्या धुवायला कोण आले, ठाऊक आहे? वहिनी. एकोणीस वर्षे ती बाईंच्या शेजारी उभी राहिली. दोघी कामापुरत्याच बोलत.

मित्रांनो, तुमच्या हाती मोजण्याचे काम आले, तर एक बूच सुद्धा क्षुल्लक मानू नका. तुम्ही पाठवलेल्या निरोपावर कुणाचे तरी तळे विसंबून असते.

स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी वहिनीने मला शेवटचे धुतले. नऊ नंबरचे बूच बसवले, बोटाने हलवून पाहिले.

हलले नाही. तरी तिने पुन्हा हलवून पाहिले.