वाट पाहणारीची खिडकी

बसवरच्या गाईडला सगळ्यात जास्त धास्ती कशाची, तर बस उभी राहण्याची. चालत्या बसमध्ये शहर आपणहून समोर येतं. राजवाडा, मनोरा, वस्तुसंग्रहालय, नदीकाठचा मोठा पाळणा. गाईडने फक्त हात करायचा आणि सनावळ्या फेकायच्या. बस थांबली की संपलं. लोक मोबाईल काढतात, जांभया देतात आणि हॉटेलवर गेल्यावर तक्रार टाकतात की गाईड मुका होता. म्हणून प्रत्येक गाईड थांबायच्या जागांसाठी काहीतरी बोलायचं तयार ठेवतो. त्याला ते ‘भर’ म्हणतात. खोटं म्हणत नाहीत. धंद्यात खोट्याला दुसरं नाव मिळालं की माणसाला झोप चांगली लागते.

पोपटलाही चांगली लागायची. पोपट हे त्याला बसच्या ड्रायव्हरने ठेवलेलं नाव, आणि ते त्याला इतकं शोभायचं की कंपनीतले लोक त्याचं खरं नाव विसरले होते.

मग पुलाच्या अलीकडे नवा सिग्नल बसला. चांगला लांबलचक, चिवट सिग्नल. डाव्या हाताला गोदामाची कोरी भिंत, उजव्या हाताला रंग उडालेली जुनी इमारत. बस वरून उघडी, दुमजली. वरच्या मजल्यावर बसलेल्यांची नजर थेट त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला भिडायची. खिडकीत एक बाई शिलाई मशीनवर वाकलेली असायची. ती पोपटची सख्खी मोठी बहीण.

पहिले काही दिवस पोपटने तिथे “उजवीकडे जुनी वस्ती” एवढंच म्हणून वेळ काढला. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “इथे बघण्यासारखं काय आहे?” आणि पोपटच्या तोंडून निघून गेलं.

“त्या खिडकीतली बाई बघा. हिचा नवरा बोटीवर गेला, परत येतो म्हणाला. तेव्हापासून ही रोज इथे बसते. शिवता शिवता मान वर करते आणि रस्त्याकडे बघते.”

नेमकी त्याच वेळी ताईने मान वर केली. मशीनवर बसणारं माणूस मान मोडायला, डोळ्यांना विसावा द्यायला वर बघतंच. पण बसमधून “अरेरे” असा एक सुस्कारा निघाला, सगळे फोन वर झाले, आणि पोपटच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खरं काय होतं, ते सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. ताईचा नवरा बोटीवर वगैरे गेला नव्हता. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करता करता तिथल्याच एकीच्या घरी राहायला गेला. त्याच शहरात, पुलाच्या पलीकडे. ताई त्याची वाट बघत नव्हती. खिडकीत बसायची कारण उजेड तिथे होता.

भर एकदाच घालायची होती. पण लोकांना ती आवडली. फोटो फिरले. नवे प्रवासी बसमध्ये चढता चढता विचारायला लागले, ती बाई कुठे बसते. कंपनीच्या साहेबांनी पोपटची पाठ थोपटली आणि बसमध्ये फुकट वाटायच्या नकाशावर राजवाड्याच्या खाली, मत्स्यालयाच्या वर एक गोल छापला. गोलात ताईचा फोटो. खाली अक्षरं: ‘वाट पाहणारीची खिडकी’.

राजवाडा बांधायला राजा लागतो. बाईचा देखावा करायला एक माईक पुरतो, आणि तो बहुतेक वेळा घरच्याच माणसाच्या हातात असतो.

इथपर्यंतही पोपटने स्वतःची समजूत घातली असती. पण ताई हात करायला लागली. बस आली की लोक हात हलवायचे, मग तीही हसून हलवायची. मशीनच्या खडखडाटात आणि रस्त्याच्या गोंगाटात बसवरचा शब्द तिला ऐकू जात नसे. एका रविवारी तो जेवायला गेला तेव्हा म्हणाली, “बाळ्या, तू सांगतोस ना रे त्यांना? ही माझी बहीण म्हणून?”

पोपटचा घास तोंडातच राहिला. “हो,” तो म्हणाला.

“वाटलंच मला. नाहीतर परकी माणसं कशाला एवढं प्रेमाने बघतील.” तिने त्याच्या ताटात आणखी वाढलं. “शिवणाचंही सांगतोस का?”

“सांगतो ना. म्हणतो, हात फार सफाईदार आहे.”

खरी चूक झाली ती इथे, बसवर नाही. बसवर तो पोटासाठी बोलला होता. इथे भरल्या ताटावर बसून बोलला. त्या दिवसानंतर ताई खिडकीत बसताना केस नीट बांधायला लागली. इस्त्रीचे कपडे घालायला लागली. आणि पोपटची झोप गेली.

त्याने भर बदलून बघितली. त्या सिग्नलला गोदामाच्या भिंतीबद्दल काहीबाही बोलला. लगेच नकाशा फडकावत कुणीतरी ओरडलं, “अहो, ती बाई विसरलात.” साहेबांकडे तक्रार गेली. साहेब म्हणाले, “पोपट, लोक तिच्यासाठी येतात. तुझ्यासाठी नाही.” पोपटने मान डोलावली. मान डोलावणं त्याला फार छान जमायचं.

ताईला आता बसमधून शहर बघायचं होतं. “जन्म गेला इथे, पण त्या पाळण्यात कधी बसले नाही बघ. लोक कुठून कुठून येऊन बघून जातात.” पोपट म्हणाला, गर्दी आहे. मग म्हणाला, ऊन आहे. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात पास मिळतो घरच्यांना. ताई ऐकत गेली, आणि एका सकाळी स्वतःच तिकीट काढून रांगेत उभी राहिली.

बसच्या जिन्यातून आधी तिची पर्स वर आली, मग ती. स्वतः शिवलेले, घडी न मोडलेले कपडे. फुकटचा नकाशा न उघडताच पर्समध्ये टाकलेला. पोपटच्या तोंडचं पाणी पळालं.

“बघ, आलेच की नाही,” ती म्हणाली. “तू तुझं काम कर हो. मी आपली गपचूप बसते.”

गपचूप कसली. दुसऱ्या रांगेत बसली आणि शेजारच्या टोपीवाल्या बाईंना बस सुटायच्या आत सांगून मोकळी झाली, “हा माझा धाकटा भाऊ. लहानपणी शाळेत एक शब्द बोलायचा नाही.” राजवाड्यापाशी तिने विचारलं, एवढ्या खिडक्यांचे पडदे धुतं कोण? लोक हसले. मनोऱ्यापाशी तिने पोपटने सांगितलेलं साल टोपीवाल्या बाईंना पुन्हा सांगितलं, जणू तिनेच बांधला होता. इतकी खूश ती त्याने कित्येक वर्षांत बघितली नव्हती. तो तोंडाने वस्तुसंग्रहालय सांगत होता आणि मनात सिग्नल किती लांब राहिला ते मोजत होता. आपण गप्प बसायचं, त्याने ठरवलं. कुणी विचारलं तर माईक बिघडला म्हणायचं.

सिग्नल लाल होता. तो नेहमी लालच असायचा.

खिडकी रिकामी होती, कारण खिडकीतली बाई बसमध्ये बसली होती. ताई उठून उभी राहिली. “अगंबाई, माझं घर. इथून कसं दिसतं बघा.”

टोपीवाल्या बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी नकाशा उघडला होता. “इथेच ना ती वाट पाहणारी? आज नाही वाटतं आली. बिचारी. नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही म्हणतात. वर्षानुवर्षं बसून असते हो, डोक्यावर परिणाम झालाय म्हणे.” मग त्यांनी फोटो जवळ धरला, ताईकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. “अगदी तुमच्यासारखी दिसते.”

ताईने नकाशा हातात घेतला. गोल बघितला. अक्षरं वाचली. मग पोपटकडे बघितलं. रागाने नाही. एखादं गिऱ्हाईक आपलंच कापड ओळखत नाही तेव्हा ती जशी बघायची, तसं.

आता गप्प बसायला हवं होतं. माणसाला कधी बोलू नये ते कळत नाही, आणि पोपटला तर बोलायचाच पगार मिळायचा. त्याने माईक तोंडाशी धरला.

“मंडळी,” तो म्हणाला, “मी तुमच्याशी खोटं बोलत आलो. ती बाई कुणाची वाट बघत नाही. ती माझी बहीण आहे. ती इथे बसलीये, दुसऱ्या रांगेत. तिला नवऱ्याने टाकलं. तिने एकटीने मशीन चालवून घर ओढलं, मला शिकवलं. आणि मी तिला तुमच्यापुढे मांडलं. ताई, मला माफ कर.”

त्याचा आवाज फुटला. खरोखरच फुटला. त्यात नाटक नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं. कारण सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. टोपीवाल्या बाईंनी डोळे पुसले. मागच्या रांगांतली माणसं फोन वर धरून ताईचा चेहरा टिपायला लागली. जी गोष्ट आजवर नात्यातल्यांनी खालच्या आवाजात बोलून ठेवली होती, ती पोपटने भोंग्यावरून सांगितली होती.

ताई खाली बसली. पर्स मांडीवर घेतली.

सिग्नल सुटला. बसने पूल ओलांडला. पलीकडे मत्स्यालय लागतं, तिथे माशांच्या जातींबद्दल बोलायचं असतं. पोपटला एकही मासा आठवेना.

“बोल की,” ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण पोपटचा माईक चालूच होता आणि दुसरी रांग त्याच्यापासून हातभर लांब. “इथे का गप्प? ती पिवळी इमारत. वरून दुसरा मजला, कुंड्या ठेवल्यात तो. तुझे भावोजी राहतात तिथे. रोज बस नेतोस इथून. त्यांच्या खिडकीकडे कधी बोट दाखवलंस?”

सगळ्यांच्या माना पिवळ्या इमारतीकडे वळल्या. दोघं-तिघं उठून उभे राहिले.

“बसा खाली,” ताई त्यांना म्हणाली. “काही बघण्यासारखं नाही तिथे.”

लोक बसले. पाळणा आला आणि गेला, ताईने वर बघितलं नाही. उतरताना टोपीवाल्या बाईंनी तिचा हात हातात घ्यायला बघितला. ताईने तो हळूच सोडवून घेतला आणि पायी चालायला लागली.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. फोनवर व्हिडिओ चालू होता. पोपटचा फुटलेला आवाज, टाळ्या, ताईचं तोंड.

“हे आधी का नाही केलंस?” साहेब म्हणाले. “ते बोटीचं आता शिळं झालं होतं. हे खरं आहे. लोकांना खरं आवडतं. रोज कर, सिग्नलला बरोबर बसतं. आणि तिला विचार, आठवड्यातून एखाद्या फेरीला बसेल का. आपण देऊ काहीतरी.”

“ती नाही बसायची, साहेब.”

“विचारून तर बघ.”

पोपट म्हणाला, “बघतो.”

हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. पण तो गेला होता. भर बसमध्ये रडून, माफी मागून, बहिणीची बोलणी खाऊनही माणूस साहेबांसमोर ‘बघतो’ म्हणू शकतो.

तो ताईकडे गेला. दार उघडंच होतं. ताई एका पॅन्टची उंची कमी करत होती. मशीन खिडकीतच होतं. पोपटने त्याच्याकडे बघितलेलं तिने बघितलं.

“हलवणार नाही मी ते,” ती म्हणाली. “उजेड आतल्या खोलीत येत नाही. तुझ्या लोकांना बघायचं तर बघू देत.”

तो खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकांची खुर्ची होती ती. ताईने आत ये म्हटलं नव्हतं.

“ताई, मी फार वाईट वागलो.”

“हं.”

“पहिल्यांदा सहज बोललो गं. मग सांगायची हिंमत झाली नाही. आज वाटलं, एकदाचं खरं सांगून टाकावं.”

“कुणाला?” ताईने सुई थांबवली. “मला सांगायचं होतं ना? मग माझ्या कानात सांगायचं. रविवारी जेवायला यायचास तेव्हा सांगायचं. पहिल्या वेळी मला विचारलं नाहीस. आज तरी विचारलंस का?”

पोपटकडे भर नव्हती. तो वाकून जमिनीवरच्या चिंध्या गोळा करायला लागला.

“साहेब काय म्हणाले?” तिने विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“तुझं तोंड मी तू चालायला लागायच्या आधीपासून वाचते.”

त्याने सांगितलं. रोज करायचं म्हणतात, आणि तुलाही विचारायला सांगितलंय. सांगताना आवाज बारीक होत गेला.

“मग तू काय म्हणालास?”

“बघतो म्हणालो.”

ताईने पुन्हा मशीन चालवलं. एक पाय पुरा करून दुसरा घेतला. “बाळ्या, मला एक सांग. आत्ता इथे माफी मागायला आलास, का परवानगी मागायला?”

रस्ताभर तो मनात माफीचीच जुळवाजुळव करत आला होता. पण त्या माफीच्या खालीच दुसरंही काहीतरी बसलं होतं, हे त्याला आता दिसलं. ताई हो म्हणाली तर नोकरी राहील, हेही त्याने मोजून ठेवलं होतं.

“दोन्ही,” तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं वाक्य, जे कुणाला आवडावं म्हणून बोललेलं नव्हतं.

“परवानगी नाही,” ताई म्हणाली. “माफीचं मी बघेन. माझ्या सवडीने. तू विचारत बसू नकोस.”

त्याने तिथेच फोन लावला. साहेबांना सांगितलं, जमणार नाही, नकाशावरचा तो गोलही काढा. साहेब बरंच बोलले. शेवटी म्हणाले, उद्या येण्याआधी विचार कर, नाहीतर येऊ नकोस. पोपटने फोन खिशात ठेवला आणि ताईकडे बघितलं. लहान मुलं पडल्यावर उठून कुणी बघितलं का म्हणून बघतात, तसं. ताई दोरा ओवत होती.

दारात पॅन्टवाले गृहस्थ आले. खुर्ची अडलेली बघून जरा घुटमळले. “पाहुणे आहेत वाटतं?”

“नाही,” ताई म्हणाली. तिने दोरा दातांनी तोडला आणि पॅन्टची घडी घातली. “गाईड आहेत. बसवर असतात.”

पोपट उठला. गृहस्थांना खुर्ची रिकामी करून दिली आणि दाराशी, भिंतीला टेकून उभा राहिला. ताईने जा म्हटलं नाही.