चंद्र सरकला म्हणून

चंद्र दरवर्षी पृथ्वीपासून चार सेंटीमीटर लांब सरकतो, हे मी आमच्या सवाई बेटावरच्या शाळेत शिकवलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की चंद्र पळून चाललाय. रविवारी पाद्रीबाबांनी त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा उरकून घेतली.

मी भेटेल त्याला सांगत सुटले, की बोटांची नखं वाढतात तेवढाच त्याचा वेग. आणि लांब गेला तरी सुटत नाही, सूर्य संपेपर्यंत तो आपल्याभोवतीच फिरणार. पण असली बिनधोक बातमी ऐकायला कोणाला वेळ असतो?

माझा तानिएलूमामा मात्र ते चार सेंटीमीटर लक्षात ठेवून बसला. मामा म्हणजे गावाचा पालोलोवाला. पालोलो हे समुद्रातले निळे-हिरवे किडे, शेवयांसारखे. वर्षातून एखाद-दोन पहाटे ते खडकांतून वर येतात, आणि लोण्यात परतून पावावर घातले की माणूस बाकी सगळं जेवण विसरतो. पौर्णिमेनंतर चंद्र अर्धा उरला की त्यांची वेळ. पण ऑक्टोबरचा चंद्र की नोव्हेंबरचा, हे मामाने सांगायचं. मोसोओईचं झाड घमघमलं की महिना पक्का.

यंदा त्याचा मुलगा फेरेती ऑकलंडहून यायचा होता, कित्येक वर्षांनी. नोव्हेंबरात रजा मिळायची नाही, असं तो फोनवर म्हणाला आणि मामाने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, ऑक्टोबर. मोसोओईला अजून कळीसुद्धा नाही, अशी मामीने आठवण करून दिली तर तिलाच गप्प बसवलं. लेकाला शेजारी उभं करून एकदा जाळं धरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मला त्याचा राग येत होता आणि कीवही.

ठरल्या पहाटे सगळं गाव गळ्यात फुलांचे हार घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरलं. उजाडलं. ऊन वर आलं. जाळ्यांत शेवाळ सोडून काही नव्हतं.

"तानिएलू, निदान चार मासे तरी बोलावून ठेवायचे होतेस," शेजारची लेउता म्हातारी म्हणाली.

"मास्तरीणबाईला विचारा," मामा म्हणाला. "चंद्र लांब गेलाय. पालोलोंपर्यंत निरोप उशिरा पोचतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं सुनावायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण शेजारी फेरेती रिकामं जाळं निगुतीने गुंडाळत होता, म्हणून गिळलं.

घरी मामीने उकडलेली अळकुडी आणि डब्यातली मासळी वाढली. फेरेतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मामा बराच वेळ पानात नुसता चिवडत बसला.

"तुझी फेरी फुकट गेली रे," शेवटी तो म्हणाला. "चंद्रानेच दगा दिला."

"बाबा, तिकडे आपल्या लोकांच्या रेडिओवर महिनाभर सांगत होते," फेरेती खाता खाता म्हणाला. "यंदा नोव्हेंबर."

मामाचा हात थांबला. "मग आलास कशाला?"

"तुम्ही ऑक्टोबर म्हणालात."

मामी उठून उगाचच चुलीपाशी गेली. मामाने डोळे पुसले आणि मासळीत काटे फार असल्याचं सांगितलं. डब्यातल्या मासळीत काटे कुठले! मग तो माझ्याकडे वळला.

"उद्या वर्गात सांग पोरांना. चंद्राची काही चूक नव्हती. आणि तो कुठे जात नाही."

"जातो मामा. थोडा थोडा जातोच."

"पण सुटत नाही म्हणालीस ना?"

"नाही सुटत."

मामाने आपल्या पानातला अळकुडीचा मोठा तुकडा उचलून फेरेतीच्या पानात ठेवला.